मधला चेंडू ताईचा

मुलगी पाहायला आलेल्या माणसाने मुलीचं तोंड धड पाहिलंच नाही. पाहिला तो तिचा डावा हात. क्लबच्या कोपऱ्यातल्या कोर्टवर तो बाकावर बसला, तिच्याकडून टोपलीभर सर्व्हिस मारून घेतल्या आणि तिच्या वडिलांना म्हणाला, "हात चांगला आहे. आमच्याकडे द्या." रॅकेट घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा एवढ्यावर सौदा करत नाही.

म्हातारा टेनिसचा कोच. त्याच्या मुलीला, ताईला, दुहेरीसाठी डावखुरी जोडीदारीण हवी होती. एक उजवी आणि एक डावी असली, की दोघींचा जोरकस हात आपापल्या कडेला राहतो आणि कोर्टच्या दोन्ही बाजू राखल्या जातात. पण मुलीच्या तोंडाचा पट्टा असा, की बाहेरची कुणी तिच्याबरोबर वर्षभर टिकत नसे. म्हाताऱ्याने विचार केला, जोडीदारीण पळून जाते, सून कुठे जाईल? मुलगा घरात होताच, चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा. विचारलं तरी हो म्हणायचा, नाही विचारलं तरी हो म्हणायचा. झालं लग्न. मुलाला बायको मिळाली ती वरकड.

त्या घरात तिचं नाव डावरी पडलं. पहिल्याच सरावाला म्हाताऱ्याने कायदा सांगितला.

"दोघींच्या मधून येणारा चेंडू ताईचा. तू आपली कड सांभाळायची."

घरातही तोच कायदा. पंख्याखालची मधली खुर्ची ताईची, गाडीतली पुढची सीट ताईची, बापाच्या तोंडचा चांगला शब्दही ताईचा. डावरीने कड सांभाळली. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. पण कोर्टवर दोघी तोंडासमोर हात धरून कुजबुजायच्या तेव्हा प्रेक्षकांना वाटायचं, काय या जिवाभावाच्या! ताई तेव्हा म्हणत असायची, "पाय हलव जरा, म्हशीसारखी उभी राहू नकोस."

अशी वर्षं गेली. फार मोठी नाही त्यांची कारकीर्द. छोट्या गावांतल्या व्यावसायिक स्पर्धा, कधी पहिल्याच फेरीत घरी, कधी उपांत्य फेरी. मग ताईचा उजवा गुडघा बिघडला. ताईने ते कुणाला सांगितलं नाही आणि म्हाताऱ्याला मुलीत खोट दिसणं शक्यच नव्हतं. पण डावरी रोज तिच्याशेजारी उभी राहत होती. मधला चेंडू आला की ताई एक पाऊल टाकते आणि थबकते, हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि बिनबोभाट मधले चेंडू घ्यायला लागली. ताईवर जीव होता म्हणून नव्हे. हरायचा तिला मनस्वी तिटकारा होता.

घरी जेवताना म्हातारा गुरगुरायचा, "आज पुन्हा तिचे चेंडू हिसकावलेस. हावरट आहेस."

ताई ताटातून डोकं वर काढायची नाही. काचा घासणारा नवरा पाणी प्यायचा. आपलेच दात, आपलेच ओठ. डावरी सगळ्यांना भात वाढायची. आतून मात्र ती रोज थोडी थोडी जळत होती.

त्या वर्षी त्यांच्याच शहरातल्या स्पर्धेत महिला दुहेरीची उपांत्यपूर्व फेरी होती. सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत एक नवी पोरगी हसत डावरीपाशी आली. उंच, चलाख, आणि रॅकेट डाव्या हातात.

"पुढच्या स्पर्धेपासून मी ताईंबरोबर खेळणार. कोचसरांनी ठरवलंय. तुम्ही रिटायर होताय ना?"

एकट्याने दुहेरी खेळता येत नाही. नवी जोडीदारीण नाही तर खेळ नाही, आणि खेळ नाही तर त्या घरात डावरी कोण? ज्या हातासाठी तिला आणली, तोच हात आता नको होता. दुधातली माशी काढून टाकावी तशी काढली होती तिला, आणि तेही परक्या पोरीच्या तोंडून कळावं!

ताई बाकावर गुडघ्याला पट्टी गुंडाळत होती.

"खरं आहे का हे?"

"बाबांनी ठरवलं. तू मधले चेंडू हिसकावतेस. माझी लय जाते."

चोराच्या उलट्या बोंबा! डावरीने तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "आणि मी काय करायचं?"

"घर बघ. तुझ्या नवऱ्याला डबा तरी वेळेवर मिळेल."

"बरं, वन्सं," डावरी म्हणाली. एरवी ती ताई म्हणायची. वन्सं म्हटलं, की आग पेटली असं समजायचं.

त्या दिवशी डावरी जशी खेळली तशी कधीच खेळली नव्हती. आपल्या कडेचा एक चेंडू सोडला नाही, सर्व्हिस तर अशी की समोरच्या दोघी मागे सरकल्या. फक्त मधून चेंडू आला की ती बाजूला व्हायची. पहिला गेला तेव्हा ताईने चमकून पाहिलं.

"काय झालं?"

"तुमचा होता."

दुसरा गेला, तिसरा गेला. समोरच्या काही खुळ्या नव्हत्या. मधे दार उघडं आहे म्हटल्यावर त्या तिथूनच ये-जा करू लागल्या. ताई एक पाऊल टाकायची, थबकायची आणि शिव्या द्यायची. "अगं घे की सटवे!" हेही तोंडासमोर हात धरूनच. पहिला सेट गेला, दुसराही जायला आला.

शेवटचा गुण. समोरून चेंडू आला तो अगदी मधून आणि अगदी मऊ, पोळपाटाने परतवावा इतका सोपा. डावरीचा हात आपसूक निघाला. तेवढ्यात स्टँडमधून म्हातारा उभा राहून सगळ्यांदेखत ओरडला, "डावरे, घे! घे तो!"

हेच ऐकायला तिने इतकी वर्षं वाट पाहिली होती. तिने हात ओढून पोटाशी धरला. ताईने झेप घेतली, गुडघा दुमडला आणि ती कोर्टवर आडवी झाली. चेंडू दोन उड्या मारून मागच्या पडद्याला लागला.

जिंकणाऱ्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. डावरी हरलेला सामना पाहत उभी राहिली, आणि तिला आनंदही झाला आणि तिटकाराही आला.

सामना पाहून नवी पोरगी कपडे बदलायच्या खोलीत आली तेव्हा ताई गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती. पोरगी जरा घुटमळली. "सर म्हणाले होते, मधले चेंडू तुमचे असतात. म्हणजे आता ते मलाच घ्यावे लागणार... बघते हं. कळवते." दुहेरीच्या धंद्यात 'कळवते' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं.

ती गेली. ताकाला जाऊन भांडं लपवायची ताईची जुनी खोड.

"पुढच्या स्पर्धेची नावं आज संध्याकाळपर्यंत द्यायची आहेत," ती भिंतीला म्हणाली.

"द्या की."

"दोन लागतात."

डावरीने बुटाची नाडी सोडली, सावकाश. "मधला चेंडू कुणाचा?"

ताईने बर्फ खाली ठेवला. "कोर्टवर तुझा."

"बाबांसमोर सांगा. माझ्या कानात नको."

म्हातारा बाहेर व्हरांड्यात येरझारा घालत होता. सुनेला पाहताच त्याने तोंड उघडलं, पण आधी ताई बोलली. लंगडत, बापाकडे न बघता.

"मधला चेंडू तिचा. माझा गुडघा गेलाय, बाबा. कधीचाच. इतके दिवस तीच झाकत होती."

म्हातारा मुलीच्या गुडघ्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर डावरीच्या डाव्या हातावर आली आणि तिथेच थांबली, त्या पहिल्या दिवशी बाकावरून बघताना थांबली होती तशी.

"बाबा," डावरी म्हणाली, "माझं तोंड वर आहे."