सोना आणि राघूला कुणी बुडवलं?

“फुटकी होडी देणाऱ्या मानसाच्या घरात मी माझी पोरगी देनार नाय. लिवा, वकीलबाय. आसंच्या आसं लिवा नोटिशीत.”

बाळारामशेठ माझ्या टेबलावर मूठ आपटत होते आणि माझा चहा बशीत सांडत होता. पनवेल कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं ऑफिस आहे. तीस वर्षं झाली मला वकिली करायला. जमिनीचे दावे, भावकीची भांडणं, नवराबायकोची भांडणं, सगळं पाहिलंय. साखरपुडा झाल्यावर लग्न मोडायला निघालेला बाप माझ्यासाठी नवा नव्हता. होडी मात्र नवी होती.

“कुठे फुटली होडी?” मी विचारलं.

“नाटकात.”

मी पेन खाली ठेवलं.

झालं होतं ते असं. उलव्याच्या अलीकडे खाडीला लागून यांचं गाव. दरवर्षी जत्रेला गावातली माणसंच नाटक करतात. यंदाचं नाटक गावातल्या गुरुजींनी लिहिलेलं. सोना आणि राघूची गोष्ट. सोनाचा बाप मिठागरवाला, त्याला हे प्रेम मान्य नाही, तो पोरीला खोलीत कोंडतो. राघूचा मित्र पळून जायला होडी देतो, पण तिची एक फळी सुटलेली आहे हे सांगायचं विसरतो. सोना कौलं काढून कशीबशी बाहेर येते, त्यात तासभर जातो. मग दोघं निघतात आणि ऐन खाडीत बुडतात. पडदा. सगळं गाव हमसून हमसून रडलं.

बापाचं काम केलं बाळारामशेठनी, तेही मिठागरवालेच. मित्राचं काम केलं जनार्दनभाऊंनी. आणि हे दोघे खऱ्या आयुष्यात होणारे व्याही! शेठची रूपाली आणि भाऊंचा नितेश, लग्न तीन आठवड्यांवर.

काम दोघांनीही फार चांगलं केलं, तिथेच घोळ झाला. दुसऱ्या दिवशी बायका बाळारामशेठना पाहून पदर तोंडाला लावायला लागल्या. “मेल्यानं पोरगी मारली.” चहाच्या टपरीवर कुणीतरी चिडवलं, तेव्हा शेठ बोलून गेले, की मी दार लावलं असेल, पण बुडाली ती होडीमुळे. जनार्दनभाऊ तिथेच बसले होते. ते म्हणाले, दार लावलं नसतं तर पोरं वेळेत पार झाली असती. शब्दाला शब्द वाढला. शेवटी एक म्हणाला, फुटक्या होडीवाल्याकडे पोरगी देत नाही. दुसरा म्हणाला, पोरीला कोंडणाऱ्याशी सोयरीक नको. गावात दोन तट पडून मोकळे झाले.

“शेठ, अब्रुनुकसानीची नोटीस म्हणजे काय माहीत आहे? तू माझ्याबद्दल चारचौघांत खोटं बोललास, माफी माग, नाहीतर कोर्टात ये. इथे खोटं काय बोलले ते? तुम्ही दार लावलंतच की.”

“नाटकात लावला!”

“मग त्यांनी होडी कुठे दिली?”

शेठ तरातरा उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जनार्दनभाऊ हजर. त्यांनाही नोटीसच पाहिजे होती. मी त्यांना सांगितलं, एका भांडणातल्या दोन्ही बाजू एका वकिलाला घेता येत नाहीत, म्हणून मी कुणाचीच घेत नाही. खरं म्हणजे मला हसू आवरत नव्हतं. मूर्खांचा बाजार, म्हटलं, चार दिवसांत निवळेल.

निवळलं नाही. आठवड्याभरानं संध्याकाळी रूपाली आणि नितेश आले. ती कामोठ्याच्या एका हॉस्पिटलात नर्स, तो नव्या विमानतळावर सामान चढवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. दोघंही ड्युटीवरून थेट आलेली, तोंडं उतरलेली. मांडववाल्याला दोन्ही घरांनी नको म्हणून कळवलं होतं.

“रजिस्टर लग्न करा,” मी म्हटलं. “अर्ज दिला की तीस दिवस थांबायचं, साक्षीदार आणायचे, संपलं. सज्ञान आहात. कुणी अडवू शकत नाही.”

नितेशनं मान डोलावली. रूपाली मात्र रडायलाच लागली. “मॅडम, पळून जायला आम्हाला काय झालंय? दोन्ही घरांना आम्ही पसंत आहोत. मला माझ्या दारात लग्न पाहिजे. हिराबायचे धवले ऐकत. ती म्हणते, दोन्ही बाप मांडवात नसतील तर मी तोंड उघडणार नाही.”

आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते, म्हणजे धवले गाऊन लग्नाचे विधी करवून घेणारी बाई. ती नसली तर जुनी माणसं लग्न लागलं असं मानतच नाहीत. हिराबाय त्या गावची धवलारीण, पंच्याहत्तरीची. तिनं गायचं नाही म्हटलं की विषय संपला. त्या पोरीकडे बघून माझं हसू कुठल्या कुठे गेलं. स्टेजवरची दोघं बुडाली ती बुडाली, आता ही दोघंही बुडायला निघाली होती, आणि तीही कोरड्या जमिनीवर.

मला राग आला की मी फार नीट काम करते. मी गुरुजींकडून नाटकाची वही मागवली. दोन दिवस कोर्टातून आल्यावर तीच वाचली. आमच्यात एक गोष्ट असते, मृत्यूचं नजीकचं कारण. एखादं मरण दहा गोष्टींमुळे येतं, पण कायदा विचारतो, अगदी लगतचं कारण कुठलं? दार की फळी? मी ठरवलं, अर्धा दोष याचा, अर्धा त्याचा असा निकाल द्यायचा, दोघांच्या हातात मानाचा नारळ द्यायचा आणि मांडव घालायला लावायचा. रविवारी सकाळी देवळात गावकी बसवा म्हणून निरोप धाडला.

सगळं गाव आलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पोरं खांबांना लटकलेली. मी काळा कोट मुद्दाम घालून गेले. कोट पाहिला की माणसं जरा कमी ओरडतात.

“इथे कोर्टासारखं चालेल,” मी सांगितलं. “मी विचारीन, त्यानंच उत्तर द्यायचं. मध्ये बोललं की बाहेर.”

आधी बाळारामशेठ. “सोनाला कोंडलंत?”

“कोंडलं.”

“का?”

शेठ क्षणभर नाटकातल्या बापासारखे ताठ झाले, आणि मग एकदम ढासळले. “मना वहीत लिवलेला बोलायला लागतंय, वकीलबाय. खऱ्यात मी माझ्या पोरीला मुंबईला हॉस्टेलात ठेवली नर्सिंगला. सगली आली आंगावर, पोरगी बिघरंल म्हनून. मी ठेवली. नि आता हीच गल्ली मना बोलते, यानं पोरगी कोंडून मारली.” रूपालीनं मान खाली घातली.

मग जनार्दनभाऊ. “होडीची फळी सुटलेली माहीत होती?”

“नाटकात इसरलो मी. पन वकीलबाय, माझ्या बापानं होडी हाकली, मी हाकतो. फुटकी होडी मी दुश्मनाला पन देनार नाय. तो डायलॉग बोलताना मना लाज वाटायची. गुरुजी बोलले, बोला, नाट्य येतंय. आता व्याहीच मना फुटक्या होडीवाला बोलला.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चिडले होते ते दोघे बुडालेल्या सोना-राघूवरून नव्हेच. ज्या गोष्टीचा ज्याला जन्मभर अभिमान, नेमका त्याच गोष्टीचा डाग त्याला लागला होता. आणि मी निम्मा निम्मा डाग दोघांना वाटायला निघाले होते! माझा निकाल तिथल्या तिथे कामातून गेला.

आता काय करायचं? वकील अडकला की आणखी एक साक्षीदार बोलावतो, तेवढाच वेळ मिळतो. पहिल्या रांगेत हिराबाय बसली होती. जन्मभर खाडीच्या चिखलात निवट्या पकडलेली बाई. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे मासे, आणि त्यांचं कालवण काय लागतं म्हणून सांगू!

आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, की उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही. मी विचारला.

“हिराबाय, फळी सुटली नसती तरी पाण्याच्या जोरानं होडी उलटली असती का? किती पाणी असेल तेव्हा खाडीत?”

“कवा?”

मी वही उघडली. “अष्टमीची रात्र. मध्यरात्र. चंद्र मावळतोय असं लिहिलंय.”

“आष्टमी?” तिनं बोटं मोजली. मग परत मोजली. मग पदर तोंडाला लावून ती जी हसायला लागली, ती थांबेचना.

“आगो बाय, काय झालं?” शेजारच्या बाईनं विचारलं.

“आठ पाऊन सा!” ती म्हणाली आणि परत हसायला लागली.

मी पनवेलच्या पेठेत वाढलेली, मला काही कळेना. पुरुषांच्या बाजूला मात्र बोटं मोजायला सुरुवात झाली होती. जनार्दनभाऊंनी कपाळावर हात मारला. त्यांनीच मला समजावलं. तिथीला पाऊणनं गुणलं की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी, म्हणजे आठ पाऊणे सहा. भरती सहाला. बाराला काय? ओहोटी.

“त्या वक्ताला आमच्या खारीत पानी कसला!” हिराबाय डोळे पुसत म्हणाली. “गुडघाभर चिकल. होडी तर हालनारच नाय. बुडतीन कशी? म्हस पन बुडनार नाय!”

मग देऊळ असं हसलं, की पोरं खांबांवरून खाली आली. ज्या गावात शेंबड्या पोरालाही भरतीची वेळ पाठ, ते गाव ओहोटीत बुडालेल्या दोघांसाठी तीन तास रडलं होतं. आणि खुद्द त्यात काम करणारे दोघे, एक मिठागरवाला, एक होडीवाला, महिनाभर तालमी करून!

“गुरुजी!” कुणीतरी ओरडलं. “पाऊनकी तुमीच शिकवली ना शालेत!”

गुरुजी उभे राहिले. मूळचे साताऱ्याकडचे, तीस वर्षं या गावात. अर्ध्या गावाला त्यांनी छड्या मारल्यात. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. “मंडळाच्या पेटीत चंद्र अर्धाच आहे हो,” ते म्हणाले. “प्लायवूडचा. शंकराच्या जटेतला. पौर्णिमा लिहिली असती तर नवा करावा लागला असता. म्हणून अष्टमी धरली. अष्टमीचा चंद्र मध्यरात्री मावळतो, ते मी पंचांगात पाहिलं होतं. खाडीचं बघायचं राहिलं.”

आता दहा जण त्यांच्यावर तुटून पडणार असं दिसलं, तेव्हा मी माझा कोर्टातला आवाज काढला. “बसा सगळे! निकाल देतेय.”

बसले.

“मरणाच्या केसमध्ये सरकारी वकिलाला सगळ्यात आधी मरण सिद्ध करावं लागतं. ते झालं तर पुढे दोष कुणाचा ते बघायचं. इथे गावातल्या सगळ्यात जाणत्या बाईची साक्ष आहे, की त्या रात्री खाडीत कुणी बुडूच शकत नाही. म्हणजे मरण नाही. मरण नाही तर गुन्हा नाही, दोष नाही, दोन्ही माणसं सुटली. गुरुजींवरही केस नाही. चंद्र अर्धा असणं हा गुन्हा नव्हे.”

“मग पोरांचा झाला काय?” बाळारामशेठनी विचारलं. खरंच विचारलं त्यांनी, डोळ्यांत पाणी आणून.

उत्तर हिराबायनं दिलं. “काय व्हायचाय? होडी टाकली नि चिकलातना चालत गेली पलीकडं. पाय धुतलं, नि लगीन लागलं.”

“लावलं कुनी?” जनार्दनभाऊ.

“मी लावला! दुसरी हाय कोन हितं?” आणि ती तिथेच बसल्या जागी, हातानं ताल धरून, मांडवाचा धवला गायला लागली. बायकांनी मागून उचलून धरला. जनार्दनभाऊ उठले, बाळारामशेठच्या समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “शेठ, होडी चांगली व्हती.”

“दारही उघडाच व्हता,” शेठ म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांना अशी मिठी मारली की जनार्दनभाऊंच्या खिशातला चष्मा मोडला. रूपाली एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. मीही कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, उगाच खोटं कशाला सांगू?

लग्न ठरल्या दिवशीच लागलं. हळदीला अख्खं गाव नाचलं, मीही नाचले, दोन दिवस गुडघे धरून बसले. मांडववाला तेवढा कुरकुरला, आधी नको म्हटल्यावर दुसरीकडे शब्द दिला होता त्यानं. गुरुजींनी शेवटचा अंक बदलायचं ठरवलं, पण गावानं ठराव केला की एक अक्षर बदलायचं नाही. रडायला मजा येते, आणि पोरं सुखरूप आहेत हे आता सगळ्यांना माहीत आहे.

मी मात्र एक सवय लावून घेतली. कुणी ऑफिसात येऊन दोष कुणाचा म्हणून भांडायला लागलं, की आधी एवढंच विचारते, नुकसान नक्की झालंय का? माणसं जरा वेळ बोटं मोजतात. बरेच जण नोटीस न देताच घरी जातात. धंद्याला वाईट आहे, पण झोप चांगली लागते.