सातव्या प्रकरणातली टोपली

कुमारांसाठी कादंबरी लिहून झाली आणि मला बाबांची भीती वाटू लागली. पन्नाशीला टेकलेल्या बाईने वडिलांना घाबरावं हे हसण्यासारखंच आहे, पण घाबरले होते खरी. कादंबरीत शहर वसवणारा गोंड राजा होता, नदीच्या तळाशी नागलोक होता आणि आमच्यासारख्याच बौद्ध घरातली तेरा वर्षांची मुलगी होती. इथवर ठीक होतं. घोळ सातव्या प्रकरणात होता.

धर्मांतराच्या वेळी आजोबांनी, पारशिवनीजवळच्या आमच्या गावी, घरातले सगळे देव टोपलीत भरून पेंच नदीत सोडले होते. घरचीच गोष्ट, विचारायचं कुणाला, म्हणून मी ती सरळ उचलली. माझ्या कादंबरीत ती टोपली मुलीला तळाशी सापडते, देव जागे होतात, भयंकर चिडतात आणि मुलगी रडत, हात जोडून घराण्याच्या वतीने माफी मागते. पुण्याच्या संपादकबाई या प्रकरणावर बेहद्द खूश होत्या. "देवांचा कोप हाच पुस्तकाचा प्राण आहे," म्हणाल्या.

प्रुफं सोमवारी परत पाठवायची होती. बाबा म्हणाले, "पहिले मी वाचतो." नको म्हणायची माझी छाती झाली नाही. बाबांनी वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात आयुष्यभर मालाच्या बिल्ट्या तपासल्या, त्यामुळे वाचलेल्या प्रत्येक पानावर पेन्सिलीने बरोबरची खूण. चहा द्यायच्या निमित्ताने मी खुणा बघून यायची. गुरुवारी सहावं प्रकरण संपलं. शुक्रवारी खुणा थांबल्या. शनिवारी गठ्ठा तसाच उघडा आणि बाबा गॅलरीत बसलेले. मला अन्न गोड लागेना. ज्या माणसाने एकही नवस न बोलता मला वाढवलं, त्याच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये मी मागच्या दाराने देव आणले होते, तेही डोळे वटारलेले. त्यांनी नको म्हटलं असतं तर मी पुस्तक मागे घेतलं असतं. तीन वर्षांची मेहनत गेली असती, पण त्याहून मोठी धास्ती त्यांच्या मनातून उतरण्याची होती.

रविवारी सकाळी त्यांनी हाक मारली.

"ही पोरगी माफी काहून मागते वं?"

"बाबा, गोष्ट आहे ती. देव रागावले नाहीत तर पोरं पुढे वाचणार नाहीत."

"टोपली माह्या डोक्यावर होती," बाबा म्हणाले. "सात वर्षांचा होतो मी."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"घरी आल्यावर लय भेव वाटलं. बाप हिमतीचा होता, मी नव्हतो. आता मायले काही होते का, बैल मरते का, सारखा पाहून राहिलो होतो. माय खोकलली तरी मले रडू ये. आठ दिवस असे काढले. कोणाले सांगितलं नाही, बापाले वाईट वाटलं असतं."

त्यांनी सातव्या प्रकरणाची पानं माझ्यापुढे सरकवली.

"काहीच नाही झालं वं. सत्तर वर्षं होत आली, काही नाही झालं. मग तुह्या पुस्तकात काहून होते?"

मी संपादकबाईंना फोन करून आठवड्याची मुदत मागितली आणि प्रकरण बदलतेय म्हणून सांगितलं. त्या वैतागल्या.

"अहो, मग ते देव करतात तरी काय?"

"काही नाही," मी म्हटलं. "मुलगी आठ दिवस वाट बघते."