लॅमिनेट केलेली अकरा पोस्टरं

शनिवार, सात फेब्रुवारी, सकाळी साडेदहा. हजर : मी, मुलगी आणि नवऱ्याच्या दुबईतल्या, देरा भागातल्या ऑफिसातले निवृत्त जपानी साहेब. नवऱ्याला जाऊन चार महिने झाले होते. विषय : त्याची पोस्टरं.

जपानच्या जुन्या नाटकांची, म्हणजे नोह आणि काबुकीची, ही पोस्टरं. मशिनरीच्या कामाने तो ओसाकाला जायचा आणि येताना पुठ्ठ्याच्या नळीतून एखादं आणायचा. मोजकीच छापलेली, तीही हाताने, एकेक रंग वेगळा चढवून. मला त्यातलं फारसं कळत नसे, पण वही माझ्याकडे होती. नंबर, नाटक, साल, कुठे मिळालं. आणि शेवटचा रकाना त्याच्या हट्टाचा : का घेतलं. तो सांगायचा, मी लिहायची. चौथ्या नंबरपुढे आहे, 'मुखवटा रडतोय की हसतोय ते ठरत नाही.' सातव्यापुढे, 'काळा रंग बोटाला लागतो.' त्या दिवशी माझं बोट धरून त्याने त्या काळ्यावरून फिरवलं होतं. जाडसर, किंचित उठलेला थर होता.

सात वर्षांपूर्वी तो असाच ओसाकाला गेलेला असताना, त्याच्या वाढदिवसासाठी म्हणून, मी अकराच्या अकरा पोस्टरं बर दुबईतल्या एका प्रिंटिंगच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली. इथल्या दमट हवेत कागद टिकत नाही. आमच्या घरात जे जपायचं ते लॅमिनेट व्हायचं : मुलीचं लसीकरणाचं कार्ड, आमच्या पत्रिका, सासूबाईंच्या हातची गोड्या मसाल्याची चिठ्ठीसुद्धा.

तो आला, बूट न काढताच सोफ्यावर बसला आणि एकेक पोस्टर बघत राहिला. "छान केलंस," म्हणाला. "आता पुसून घेता येतील." हातातली नवी नळी त्याने उघडली नाही, साहेबांची आहे, म्हणाला. त्यानंतर घरात एकही पोस्टर आलं नाही. संपली का हौस, असं मी चिडवायची. "खलास," म्हणून तो हसायचा. नव्या पोस्टरांसाठी ठेवलेला कपाटातला खालचा खण तेव्हापासून रिकामा आहे.

ही सगळी पोस्टरं एकत्र राहावीत, जपानला परत जावीत, एवढं त्याने हॉस्पिटलमध्ये सांगून ठेवलं होतं. साहेब कायमचे ओसाकाला चालले होते, तिथल्या एका छोट्या संग्रहालयाशी त्यांचं बोलणं झालं होतं. मी डायनिंग टेबल पुसून ठेवलं होतं, यादीच्या दोन प्रती काढल्या होत्या. साहेबांनी पांढरे सुती हातमोजे घातले. मी पहिलं पोस्टर समोर ठेवलं. त्यांनी ते पाहिलं आणि हातमोजे काढून खिशात ठेवले.

मग इंग्रजीत, सावकाश, त्यांनी सांगितलं. गरम प्लास्टिक रंगाला चिकटलं की सुटत नाही. सोडवायला गेलं तर रंगच निघून येतो. संग्रहालय ही अकरा घेणार नाही. मी विचारलं, त्याला हे माहीत होतं का? उत्तर मुलीने दिलं.

"मम्मा, डॅडला माहीत होतं. ही टोल्ड मी नॉट टू से."

तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

साहेब खाली जाऊन गाडीतून एक जाड नळी घेऊन आले. आत नऊ पोस्टरं. सगळी त्याचीच, सात वर्षांत एकेक करून साहेबांकडे ठेवलेली. घरी जागा नाही, असं म्हणायचा म्हणे.

ही नऊ संग्रहालय घेईल, फक्त सोबत पूर्ण यादी हवी. साहेब महिनाअखेरीस निघतील. एकत्र राहावीत हे काही आता होत नाही. मी हात धुऊन, कोरडे करून आले आणि सगळ्यात वरच्या पोस्टरच्या काळ्या रंगावरून बोट फिरवलं. लागला.

वहीत बारा ते वीस नंबर घातले. नाटकांची नावं, सालं, दुकानं साहेबांनी सांगितली, मी लिहून घेतली. 'का घेतलं' त्यांनाही माहीत नव्हतं. तो रकाना नऊही ओळींत अजून भरायचा आहे.