महाराष्ट्रापुरतं हत्यार

रत्नाकाकू पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांच्या हातात धपाट्यांची ताटली होती आणि खांद्याला काळी पर्स. सिडकोतल्या त्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. काकू वरच्या मजल्यावर एकट्या राहत. ताटली त्यांनी माझ्या बायकोच्या हाती दिली, खुर्चीत बसून पर्स मांडीवर घेतली, आमची मुलगी कुठे खेळतेय ते पाहिलं आणि म्हणाल्या, "एक सांगून ठिवते. या पर्समधी रिव्हॉल्व्हर हाय. लायसनचं हाय. लेकरू हात लावील, म्हणून आधीच सांगितलेलं बरं." मग त्याच आवाजात त्यांनी विचारलं, धपाट्यांत मिरची जास्त तर नाही ना झाली.

त्या गेल्यावर बायको मला म्हणाली, दुसरी जागा बघा. पण दोनेक महिन्यांत तीच मुलीला वर काकूंकडे सोडून भाजी आणायला जाऊ लागली. मुलगी आली की काकू आधी रिव्हॉल्व्हर लोखंडी कपाटात ठेवायच्या, किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला अडकवायच्या आणि मगच लेकराला जवळ घ्यायच्या. यात कधी चूक झाली नाही. "सांगून टाकलं की माणूस मोकळा होतो," असं त्या नेहमी म्हणत. दूधवाल्याला सांगितलेलं होतं, गॅसवाल्याला सांगितलेलं होतं. एकदा इमारतीच्या बैठकीत पाण्याच्या टाकीवरून भांडण पेटलं, तेव्हा बोलायला उठण्याआधी त्यांनी पर्स माझ्या बायकोकडे दिली आणि म्हणाल्या, "आता बोलते. न्हाई तर लोक उगाच भितील."

त्यांची हकीकत त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. सासर फुलंब्रीच्या पलीकडच्या एका गावात. चांगली बागायती जमीन, एकत्र घर. पुढे वाटण्या झाल्या, आणि बांधावरच्या विहिरीवरून काकूंचे मिस्टर आणि त्यांचा चुलतभाऊ यांच्यात वैर आलं. एके दिवशी भर दुपारी त्या चुलतभावानं काकूंच्या मिस्टरांना विहिरीपाशी कुऱ्हाडीनं मारलं. काकू डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन बांधावरून येत होत्या. पाहणारं दुसरं कुणी नव्हतं.

सगळी केस त्यांच्या एकटीच्या साक्षीवर उभी राहिली. कोर्टात त्यांना दिवसभर उलटसुलट विचारलं गेलं. तो चुलत दीर जन्मठेपेवर गेला. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर दिराचा मोठा मुलगा दत्ता आडवा आला आणि म्हणाला, "काकू, हिथून सुटलीस. आमच्यातून न्हाई सुटणार." पुढच्याच महिन्यात काकूंच्या कडब्याची गंजी कुणीतरी पेटवून दिली. त्यानंतर काकूंनी शस्त्राच्या परवान्याचा अर्ज केला. तो एकदा फेटाळला गेला, त्यांनी पुन्हा केला. परवाना मिळाला, तसं शेत बटाईनं देऊन त्या शहरात आल्या.

मी एकदा विचारलं, "काकू, दत्ता खरंच समोर आला तर चालवाल?"

काकू शेंगा सोलत होत्या. "दत्ता माझ्या हातचं खाऊन मोठा झालाय," त्या म्हणाल्या. "जाऊ आजारी पडली तव्हा वरीसभर माझ्याच कुशीत झोपायचा. त्याला मारायचं मनात न्हाई. तो आला तर थांबला पायजे, येवढंच."

निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. ते दिवस काकूंचे वाईट जात. पोचपावती घेऊन यायच्या आणि मग निकाल लागेपर्यंत जिना उतरायच्या नाहीत. त्यांची भाजी, दळण आम्ही आणून द्यायचो. दाराशी गेलो तर आतून आधी नाव विचारायच्या, आवाज ओळखीचा असला तरी.

माझं क्रांती चौकाजवळ तिकीट बुकिंगचं छोटं ऑफिस आहे. एकदा काकू तिथे आल्या. मुंबईला बहिणीचं ऑपरेशन होतं. रेल्वेत आणि बसमध्ये गावाकडची माणसं भेटतात, म्हणून त्यांना तो प्रवास नको होता. त्यांनी विचारलं, "इमानात हत्यार नेता येतं का?"

मला माहीत नव्हतं. चौकशी केली. नेता येतं, असं कळलं. मात्र जवळ ठेवता येत नाही. काउंटरवर आधी सांगायचं, परवाना दाखवायचा, हत्यार रिकामं करून सामानात द्यायचं, गोळ्या वेगळ्या बांधायच्या. सामान विमानाच्या पोटात जातं आणि उतरल्यावर हाती मिळतं.

"म्हंजे इमानात माझ्याजवळ न्हाई," काकू म्हणाल्या.

"नाही."

"तुमी संगं चला मग."

मुंबईत माझंही काम होतं. मी त्यांच्याबरोबर निघालो. चिकलठाण्याच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं नेहमीप्रमाणे विचारलं, सामानात काही धोकादायक वस्तू आहे का. आमच्या पुढचे सगळे मान हलवून नाही म्हणत होते. काकू म्हणाल्या, "हाय, बाई. रिव्हॉल्व्हर हाय. गोळ्या येगळ्या काढल्यात." मुलीचा हात की-बोर्डवर तसाच राहिला. मग साहेब आले, पोलीस आले, आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं. काकूंनी पर्समधून फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर काढलं, नळीचं तोंड भिंतीकडे करून टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतले. पोलिसानं ते उघडून पाहिलं, परवान्यावरचा नंबर पडताळला. सही झाली. बॅगेला कुलूप लागलं. बॅग पट्ट्यावरून आत गेली, तेव्हा काकू ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या.

विमानात त्यांना मधली जागा मिळाली होती. बसल्यावर त्यांनी आजूबाजूच्या माणसांकडे एकेक करून पाहिलं. मला वाटलं त्या घाबरल्या आहेत. थोड्या वेळानं माझ्याकडे वाकून त्यांनी हळूच विचारलं, "या सगळ्यांला तपासलंय ना?"

"एकूणएक."

"कुणाजवळ काहीच न्हाई?"

"नखं कापायची कात्रीसुद्धा मिळायची नाही."

त्यांनी मान हलवली. विमान वर गेलं तेव्हा त्या झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, डोकं माझ्या खांद्यावर. मुंबईत विमान उतरताना चाकं आपटली तरी त्या उठल्या नाहीत, मला हलवून उठवावं लागलं. बाहेर पडताना म्हणाल्या, "मालक गेल्यापासून अशी झोप आली न्हवती. हितं सगळेच माझ्यासारखे, रिकाम्या हातानं." बॅग हाती आल्यावर बायकांच्या खोलीत जाऊन त्यांनी रिव्हॉल्व्हर पुन्हा पर्समध्ये घेतलं. बहिणीच्या घरी जाईपर्यंत टॅक्सीत त्या मागच्या काचेतून बघत राहिल्या.

त्यांना एकच मुलगी, मनीषा. ती लग्न होऊन बंगळूरला गेली होती. आईनं यावं म्हणून ती दर दिवाळीला म्हणायची आणि काकू दर दिवाळीला टाळायच्या. कारण परवान्यावरच लिहिलेलं होतं. तो महाराष्ट्र राज्यापुरता होता. हत्यार घेऊन राज्याची हद्द ओलांडली, विमानानं, रेल्वेनं की पायी, तर तो गुन्हा. हत्याराशिवाय काकू चौकातल्या किराणा दुकानापर्यंतही जात नव्हत्या.

मग मनीषाला दिवस गेले. सातव्या महिन्यात काही गुंतागुंत झाली आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलं. सासू हयात नव्हती, नवरा नोकरीवर. मनीषा फोनवर रडली. काकूंनी परवान्याची हद्द सगळ्या देशापर्यंत वाढवून मागणारा अर्ज त्याआधीच केला होता. त्याची चौकशी आता लागली. काकूंच्या सांगण्यावरून मीही सोबत गेलो. चौकशी करणारे अधिकारी तरुण होते, अदबीनं बोलत होते. त्यांनी सगळे कागद वाचले आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला धोका आहे हे मला मान्य आहे. पण तो फुलंब्रीकडचा आहे. बंगळूरला तुम्हाला कोण मारणार आहे?"

काकूंनी टेबलावरचे कागद गोळा केले.  येताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, "त्या पोरानं लई सरळ इचारलं. मला उत्तर द्यायला यायला पायजे होतं."

अर्ज नामंजूर झाला. त्या संध्याकाळी मनीषाचा फोन आला तेव्हा मी वरच होतो. काकूंचा फोन मोठ्या आवाजावर असायचा. मनीषा म्हणाली, "आई, मुंबईला जाताना तरी कुणी ते राज्याचं वाचलं? नंबर बघितला आणि सोडलं. तसंच घेऊन ये. फार तर हटकतील, परत पाठवतील."

"मनू, नीट ऐक," काकू म्हणाल्या. "तुझ्या बापाच्या केसमधी दुसरा पुरावा न्हवता. माझं तोंड हाच पुरावा. त्यांच्या वकिलानं दिवसभर सोलून काढलं, एक शब्द खोटा निघाला न्हाई. आता त्यांचं अपील चालू हाय. मी बेकायदा हत्यारासकट सापडले तर ते काय म्हणतील? म्हणतील, ही बाईच तसली, हिचं काय खरं मानता. तव्हा तुझा बाप दुसऱ्यांदा जाईल."

 "म्हणजे तू येणार नाहीस," मनीषा म्हणाली.

"मी असं कुटं म्हणलं," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तिकीट काढायला सांगितलं. निघायच्या सकाळी आम्ही ठाण्यात गेलो. रिव्हॉल्व्हर जमा करताना त्यांनी ते पदरानं पुसलं, तिथल्या हवालदाराला म्हणाल्या, "कोरड्या जागी ठिवा." तिथून विमानतळापर्यंत मी गाडी चालवत होतो आणि त्या मागच्या सीटवर खाली वाकून बसल्या होत्या, काचेतून दिसू नये अशा. जालना रोडवर सिग्नलला शेजारी एक जीप थांबली, तेव्हा त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी त्यांना दारापाशी सोडलं. जवानानं तिकीट बघून आत जाऊ दिलं. आत गेल्यावर त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हात केला. पाठ तेव्हा सरळ झालेली होती.

मनीषाला मुलगा झाला, दोघं सुखरूप. काकू तिथे पाच-सहा महिने राहिल्या. परतल्या त्याच दिवशी ठाण्यात जाऊन त्यांनी रिव्हॉल्व्हर सोडवून आणलं. मला वाटलं होतं, आता त्या ते विकून टाकतील. तसं बोललोही. त्या म्हणाल्या, "तिकडं भ्या न्हवतं म्हणून ते लागलं न्हाई. हितलं भ्या हितंच हाय की. ते कुटं जमा करू?" त्यानंतर त्यांचं आयुष्य दोन भागांत चालू राहिलं. उन्हाळ्यात हत्यार ठाण्यात, काकू बंगळूरला. पावसाळा संपला की काकू इथे, हत्यार पर्समध्ये. तिकडे त्या नातवाला घेऊन एकट्या बागेत जायच्या, बसनं मंडईत जायच्या, कानडीत भाव करायच्या, असं मनीषाकडून कळायचं. इथे आल्या की पुन्हा आतून नाव विचारणं सुरू. मधल्या काळात अपिलाचा निकाल लागला, शिक्षा कायम राहिली. मी पेढे घेऊन वर गेलो, तर काकूंनी घेतले नाहीत. "कुणाचं तरी माणूस आत ऱ्हाणार हाय," त्या म्हणाल्या. "जाऊ माझी आता म्हातारी झाली असंल."

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात काकू बंगळूरला असताना झोपेतच गेल्या. अंत्यसंस्कार तिथेच झाले. तेराव्याला मनीषा गावी आली. शेतातल्या घरासमोर मांडव घातला होता. त्याआधी तिनं मला बरोबर घेऊन ठाण्यात एक काम उरकलं होतं. वारस म्हणून तिला परवान्यासाठी अर्ज करता येईल, असं तिथे सांगण्यात आलं. तिनं नको म्हणून लिहून दिलं.

पंगत उठत आली होती. तेवढ्यात रस्त्यावर एक जुनी जीप थांबली आणि एक पंचेचाळिशीतला माणूस एकटाच चालत मांडवापर्यंत आला. आत आला नाही. माणसं बोलायची थांबली, त्यावरून मी ओळखलं, हा दत्ता. मनीषा उठून त्याच्यासमोर गेली. लहानपणानंतर दोघं पहिल्यांदाच इतके जवळ उभे होते.

"मनू," तो म्हणाला, "एक इचारतो, राग मानू नको. काकूचं हत्यार आता कुणाकडं?"

"सरकारजमा केलं," मनीषा म्हणाली. "मी घेतलं नाही."

"खरंच?"

"खरंच, दादा."

दत्तानं रुमालानं तोंड पुसलं. "म्या तव्हा कोर्टात येडंवाकडं बोललो," तो म्हणाला. "मग काकूनं लायसन काढलं, ते समद्या गावाला कळलं. आमाला वाटलं, आता ती तुझ्या बापाचा सूड माझ्यावर काढणार. तव्हापासून म्या त्या विहिरीकडं एकला गेलो न्हाई. आईनं मला अंगणातसुद्धा झोपू दिलं न्हाई."

 मनीषानं शेजारची खुर्ची ओढून त्याच्याकडे सरकवली.

तो बसला नाही. "थांब जरा," म्हणाला. रस्त्याकडे परत गेला, जीपचं मागचं दार उघडलं आणि आत बसलेल्या आपल्या आईला हाताला धरून मांडवात घेऊन आला.