शूटिंगवाल्या गाडीची माणसं

गर्दी कमी झाली की किस्से वाढतात, हे मी अनुभवाने सांगते. आमच्या शूटिंग टूरला जेव्हा गेटपासून पार्किंगपर्यंत रांग असायची, तेव्हाही रोज काहीतरी घडतच असणार. पण बघायला वेळ कुणाला होता? गाडी भरा, माईक घ्या, बोला, माणसं उतरवा, पुन्हा भरा. आता अर्धे डबे रिकामे असतात, म्हणून बसलेला माणूस न् माणूस नीट दिसतो.

अमरावतीहून अकोल्याकडे निघालं की बडनेरा सोडल्यावर आमचं पार्क लागतं. पुढे पाण्याच्या घसरगुंड्या आणि पाळणे, मागे सिनेमाचा स्टुडिओ. तिथे खरं शूटिंग करायला कधी कुणी आलं नाही, पण स्टुडिओत जे जे असतं ते सगळं आहे. खोटी गल्ली, खोटा पूल, खोटी पोलीस चौकी. एका ट्रॅक्टरला रेल्वे इंजिनाचं तोंड लावलंय आणि मागे डबे जोडलेत. ती शूटिंगवाली गाडी. गाडी चालवतात गजूभाऊ, नांदगाव पेठचे. सिनेमातले खोटे आवाज ऐकवायची आवाजाची खोली सांभाळतात नसीमभाई, अकोल्याच्या जुन्या शहरातले. आणि माईकवर मी, राजापेठची. पार्क उघडलं त्या दिवसापासून आम्ही तिघंही इथेच.

*

आमच्या टूरचा हुकमी आयटम म्हणजे पूल. गाडी पुलावर आली की बटण दाबायचं. पूल हादरतो, खालून पाणी उसळतं, गडगडाट होतो. पहिल्या वर्षी एका आजीबाईंनी घाबरून मागून गजूभाऊंची मान अशी धरली होती की सोडवायला दोघं लागले. त्या आजींचं नाव आम्ही अजून काढतो, कारण तसं घाबरणारं माणूस पुन्हा भेटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तर कहर झाला. पूल हादरत होता, पाणी उसळत होतं, मी माईकवर जीव तोडून ओरडत होते, आणि डब्यातले सगळे खाली मान घालून मोबाईलमध्ये. एका गृहस्थांनी हात वर केला. मला वाटलं, चला, कुणीतरी घाबरलं. त्यांनी विचारलं, "ताई, इथं रेंज काहून जाते?"

त्याच आठवड्यात ट्रॅक्टर पुलाच्या अलीकडे खरोखर बंद पडला. इंजिनातून भसाभस धूर. गजूभाऊ शिव्या घालत खाली उडी मारून आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन धावले, मी माईक टाकून बायकापोरांना उतरवायला लागले. आग वगैरे काही नव्हती, रेडिएटर तापला होता. धूर ओसरला तेव्हा मागून टाळ्यांचा आवाज आला. अख्खी गाडी उभी राहून टाळ्या वाजवत होती. एक जण गजूभाऊंचा हात हातात घेऊन म्हणाला की पुलाचं काही खास नाही, पण हे मात्र एकदम खरं वाटलं.

संध्याकाळी मॅनेजर साहेबांनी आम्हाला बोलावलं. आता बोलणी खावी लागणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. साहेबांनी लोकांचे अभिप्राय वाचून दाखवले, सगळे धुराबद्दल. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "गजूभाऊ, हे रोज करता येईल का?"

*

माणसं घटली तसा स्टाफही घटला. पूर्वी खोट्या चौकीत वर्दी घालून बसायला एक नाटकातला गृहस्थ होता. तो गेला, तेव्हा ते काम गजूभाऊंकडे आलं. ड्रायव्हिंग करायचं, गाडी थांबवायची, चौकीच्या मागच्या दाराने आत जाऊन टोपी आणि सदरा चढवायचा, आणि पाहुणे आत आले की टेबलावर दंडुका आपटून दरडावायचं. लोकांना समजायचं, पण कुणी बोलायचं नाही.

एकदा दुपारी फेरी नव्हती. गजूभाऊ चौकीत पंखा लावून डबा खात बसलेले, अंगात वर्दीच. एक बाई तणतणत आत आल्या. त्यांचा मोबाईल हरवला होता. सगळं पार्क पालथं घातलं होतं, आणि समोर चौकी दिसली म्हणून त्या शिरल्या. गजूभाऊंनी सांगून पाहिलं की ही चौकी खोटी आहे. बाई ऐकेनात. मोबाईल गरिबाचा आहे म्हणून तक्रार घेत नाही काय, असं त्यांनी विचारलं. आता गजूभाऊंची आईही अशीच हट्टी, त्यामुळे वाद घालणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी डबा बाजूला सारला, बाईंना बसवलं, पाणी दिलं आणि सविस्तर विचारपूस केली. कोणत्या रंगाचा, कुठे कुठे फिरलात, शेवटी कधी वापरला. बाई म्हणाल्या, सकाळी ती रेल्वे नुसती उभी होती, तेव्हा तिच्यात बसून फोटो काढला होता.

गजूभाऊ उठले, मागच्या दाराने बाहेर गेले, आपल्याच गाडीचे डबे तपासले आणि सीटच्या फटीतून मोबाईल काढून आणला.

बाईंनी मोबाईल कपाळाला लावला. जाताना दारात वळून म्हणाल्या, "साहेब, तुमची बदली आमच्या गावाले करून घ्या."

*

मग आल्या वरच्या ऑफिसने पाठवलेल्या सल्लागार बाई, पुण्याच्या. टूरला लोक का येत नाहीत ते शोधायला. बाई चांगल्या होत्या, मन लावून काम करणाऱ्या. सगळ्या फेऱ्या त्यांनी आमच्याबरोबर उन्हात केल्या. त्यांचं म्हणणं पडलं की टूरची भाषा जरा व्यवस्थित, एकसारखी हवी. त्यांनी मला नवीन मजकूर दिला. 'रसिकहो, चला तर मग, या मायानगरीची सफर करूया.'

मी शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली आहेत. मला काय कठीण? मी सगळं पाठ केलं आणि दुसऱ्या दिवशी माईकवर अस्खलित बोलले. 'ण' चा उच्चार तर असा की नसीमभाई खोलीतून बाहेर येऊन बघून गेले, कोण बोलतंय म्हणून.

त्या फेरीला दर्यापूरकडचा एक मोठा गोतावळा होता. पहिल्या थांब्यावर त्यांच्यातल्या एक वयस्कर काकू माझ्याजवळ आल्या. मोठ्या प्रेमाने त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "बाई, तू पुन्याची हायेस काय?"

मी नाही म्हणायच्या आतच त्यांनी समजूत काढली. "असू दे. तू बोलतं चांगली. पन आमाले थोडं कोनी इथलं दे ना."

सल्लागार बाई शेजारीच होत्या. त्या इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसावं लागलं. पुढच्या थांब्यावर त्यांनीच खूण केली, आणि मी मजकूर पर्समध्ये टाकून म्हटलं, "हे पाहा, आता जो पूल येऊन राहिला ना, त्याच्यावर कोनी मोबाईल काढाचा नाही, पानी उडते." काय सांगू, सगळ्यांनी मोबाईल खिशात घातले. आणि त्या फेरीत पुलावर दोन बायका चक्क किंचाळल्या.

तेव्हापासून मी वऱ्हाडीतच बोलते.

*

उन्हाळ्यात आमच्या टूरची खरी हिरोईन म्हणजे नसीमभाईंच्या खोलीतला एसी. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत गारेगार अंधार. अमरावतीचे एक निवृत्त मास्तर पार्कचा वर्षाचा पास काढून होते. दुपारी यायचे, आवाजाच्या खोलीत कोपऱ्यातली खुर्ची धरायचे आणि घोरायचे. खोलीत वीज कडाडायची, दारं आपटायची, मास्तरांची झोप मोडायची नाही. नसीमभाई मात्र त्यांची काळजी घ्यायचे. वीज कडाडायची वेळ आली की मास्तरांच्या बाजूचा स्पीकर ते हळूच बंद करायचे. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "ताई, मेहमान है. सोनेवाला हो या सुननेवाला."

पार्कचे मालक एकदा अचानक टूर बघायला आले. त्यांच्या मनात टूर बंद करून तिथे मोठी घसरगुंडी बांधायचं चाललं होतं, हे आम्हाला कळलं होतं.  मालकांनी नेमकं मास्तरांना गाठलं. मास्तर नुकते उठून चष्मा पुसत होते. मालकांनी विचारलं, कशी वाटते टूर?

मास्तर म्हणाले, "उत्तम. मी रोज येतो."

मालक बघतच राहिले. रोज येणारा माणूस त्यांना घसरगुंडीवरही भेटला नव्हता.

एवढ्यावर टूर वाचली असं मी म्हणणार नाही. खोटी गल्ली गेली, तिथे घसरगुंडी झालीच. पण बाकीची टूर राहिली. शनिवार-रविवार आणि बुकिंग असेल तेव्हा गाडी निघते. आम्ही तिघंही आहोत. बाकीचे दिवस मी तिकीट खिडकीवर असते, आणि तिथूनही लोकांना सांगते की घसरगुंडी कुठेही मिळेल, पूल इथेच आहे.

*

आता हा एक शेवटचा.

मूर्तिजापूरकडच्या एका गावातून लग्नघरची मंडळी आली होती. लग्न होऊन गेलं होतं, नवरा-नवरीच्या हौसेखातर दोन्हीकडचे पाहुणे पार्क बघायला आले होते. गाडी बऱ्याच दिवसांनी भरली होती, म्हणून मी खुशीत होते.

टूरच्या शेवटी आमचं कोर्ट आहे. सेटचं कोर्ट, पण उंच खुर्ची, हातोडा, लाकडी पिंजरा, सगळं आहे. पाहुण्यांतल्याच कुणालातरी न्यायाधीश करायचं, कुणाला आरोपी, आणि म्हैस चोरीचा खटला चालवायचा. वाक्यं कार्डावर लिहिलेली असतात. माणसं मीच निवडते. पुढे बसलेल्या, पांढऱ्या मिशांच्या एका भारदस्त काकांना मी खुर्चीवर चढवलं. आरोपी म्हणून शेवटच्या बाकावरच्या एका शांत माणसाला बोट केलं. ते नको म्हणत होते, पण नवरीने आणि पोरांनी त्यांना ढकलत पिंजऱ्यात नेलं.

आणि खोलीतला गलका एकदम थांबला. पहिल्या बाकावरच्या एका बाईंनी माझा पदर ओढला. त्या कानात म्हणाल्या की हे दोघं सख्खे भाऊ आहेत. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, अकोल्याच्या कोर्टात केस चालू आहे. कित्येक वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. या नवरीच्या, म्हणजे त्यांच्या पुतणीच्या लग्नातही एक मांडवाच्या या टोकाला होता, दुसरा त्या टोकाला.

मी दुसरं कुणाला तरी बोलवावं म्हणून पुढे झाले. पण खुर्चीवरच्या थोरल्यांनी कार्ड वाचायला सुरुवात केली होती.

"आरोपी, तुझ्यावर पाटलांची म्हैस चोरल्याचा..."

ते थांबले. कार्डाकडे बघत राहिले. मग चष्मा काढला आणि कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं.

"बाबा गेले तवा तू काहून नाई आला?"

धाकट्यांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. "मले कोनी सांगतलं?"

थोरल्यांनी मान वर केली.

"बाजारात वांगे घेऊन राहिलो होतो," धाकटे म्हणाले. "वांगेवालीनं सांगतलं. म्हने, तुमचे बाबा गेले ना, अन् तुमी बाजारात कसे?"

थोरले हातोड्यावर हात ठेवून बसले होते. त्यांची बायको पहिल्या बाकावर, मघाच्या बाईंशेजारी होती; निरोप गेलाच नव्हता हे ठाऊक असल्यासारखं तिने खाली बघितलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे कार्डावर लिहिलेलं काहीच नव्हतं. बाहेर गजूभाऊंनी गाडीचा भोंगा वाजवला, वेळ झाली म्हणून. कुणी हललं नाही.

थोरले खुर्चीवरून उतरले. पायऱ्या उंच आहेत, जपून उतरले. पिंजऱ्यापाशी आले, त्याच्या दाराची कडी काढली आणि आत जाऊन उभे राहिले. पिंजरा एका माणसापुरताच बांधलेला आहे. धाकट्यांना अंग चोरून घ्यावं लागलं, पण ते बाहेर आले नाहीत. दोघंही खांद्याला खांदा लावून त्या रिकाम्या उंच खुर्चीकडे बघत उभे राहिले.

धाकट्यांनी विचारलं, "मंग म्हैस कोनं चोरली, दादा?"