मस्कत किती लांब

लंकाबाईनं धाकट्या भावाला, अजिनाथला, कडेवर वाढवलं होतं. आईबाप ऊसतोडीला गेले की तिसगावच्या घरात ही दोघंच. पुढं अजिनाथ क्रेन चालवायला शिकला आणि मस्कतला गेला. नवरा वारल्यावर लंकाबाई माहेरी आली, तेव्हापासून आईचं सगळं तिच्याच हातावर.

आईनं, छबूबाईनं, अंथरूण धरलं तसा लंकाबाईनं अजिनाथला फोन लावला. "आईचं काय खरं न्हाई. निघ."

"अक्का, मस्कत काय नगर हाय का? विमानं बदलत यावं लागतं, दोन दिवस मोडत्यात. निघालोच म्हन."

छबूबाई डोळे मिटूनच विचारायची, "कुठवर आला?"

"समुद्रावर हाय, आई. आता उतरंल."

दोन दिवस उलटून गेले. मग छबूबाईनं विचारणंच सोडलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. लंकाबाईनंच तोंडात पाणी घातलं, तिनंच अग्नी दिला.

मातीला शेजारची निकिता आली होती. ती पुण्यात विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात कामाला. दोन दिवसांचं ऐकून ती चमकलीच. "आत्या, मुंबईवरनं मस्कत दीड हजार किलोमीटरच्या जरासं वर. सरळ विमान हाय, तीन तास बी लागत न्हाईत. इथनं यष्टीनं मुंबईला जायलाच त्याच्या दुप्पट वेळ लागतो." मग तिनं चाचरत मोबाईल पुढं केला. आई गेली त्याच दिवशी अजिनाथनं फोटो टाकला होता. समुद्रकिनारा, दोस्त, हातात कबाबाची सळई.

लंकाबाईनं फोटो पोटभर बघून घेतला. "कुनाला बोलू नगंस," एवढंच म्हणाली.

अजिनाथ उगवला तो थेट दशक्रियेला. लंकाबाईनं त्याला चहा दिला, टॉवेल दिला. नदीवर न्हाव्यानं त्याचं डोकं भादरलं, तरी ती गप्प. सगळी भावकी जमली. अजिनाथनं माईक धरला, गळा काढला. "विमानात जीव तळमळत हुता. लांबचा देश, काय करनार?" बायांनी डोळ्याला पदर लावले.

तो पिंडाकडं वळला तशी लंकाबाई उठली आणि तिनं माईक घेतला.

"मस्कत तीन तासाच्या आत हाय. आई मरत हुती तवा ह्यो समुद्रावर कबाब खात हुता. निकिता, दाव फोटो."

मोबाईल या हातातून त्या हातात फिरला. अजिनाथ पुटपुटला, "अक्का, रजेचं..."

"रजा न्हाई म्हनला असतास तर मी आईला तसं सांगितलं असतं. तुझ्यापायी मी मरत्या मानसाशी खोटं बोलले. सरक. अग्नी मी दिला, पिंड बी मीच ठेवनार."

चुलते मच्छिंद्रतात्या मध्ये पडले. "लंके, पोटचा ल्योक हाय त्यो. चार लोकांत असं करू नगंस."

"चार लोकांतच करायचं हुतं, तात्या. म्हनून तर गप बसले."

भटजींनी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी मान खाली घातली. लंकाबाईनं पिंड ठेवला. उघडं डोकं उन्हात घेऊन अजिनाथ बाजूला उभा राहिला. त्याला कुणी टोपीसुद्धा दिली नाही. जेवायला न थांबता त्यानं नगरची गाडी धरली.

लोक म्हणाले, बाईनं सख्खा भाऊ तोडला. लंकाबाईच्या कानावर ते आलं. ती पंगतीत बसली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा तिनं मागून घेऊन भात खाल्ला.