डायव्हगेट म्हणजे काय

मला बघायला आलेला मुलगा पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत इंग्रजी शिकवायचा. घर त्याचं सांगलीकडचं. पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. आम्ही कराडजवळ राहायचो आणि मी बी.ए.ला होते. माझे वडील, आप्पा, फौजेतून सुभेदार होऊन नुकतेच परतले होते.

आप्पांनी त्याला सरळच विचारलं, सांगलीची नोकरी का सोडली. त्यावर तो पाचगणीचं धुकं, मेसमधलं जेवण, घाटात बंद पडणारी एसटी असं काय काय सांगत राहिला. उत्तर आलंच नाही. मग आप्पाच पलटणीतल्या खेचरांच्या गोष्टीत शिरले आणि तिथून उसाच्या बेण्यावर आले. निघताना तो हसून म्हणाला, "सुभेदारसाहेब छान डायव्हगेट करतात."

आप्पांना फौजेतलं इंग्रजी यायचं, पण हा शब्द नवा होता. पाहुणे जाताच ते म्हणाले, "ह्यात गेट हाय. मला भाईरचा रस्ता दावला काय त्येनं?" आईला वाटलं, सांगलीतून काढून टाकलेला असणार. मला वाटलं, तिथं कुणी मुलगी असेल. चुलत्यांनी चौकशी केली. मास्तर चांगला होता, पण वर्षाच्या मध्येच निघून गेला, एवढंच कळलं. त्यानं संशय वाढलाच.

माझ्या डिक्शनरीत तो शब्द नव्हता. कॉलेजातल्या सरांनी मोठ्या कोशात पाहिला. विषय सोडून भटकणं, असा अर्थ निघाला. मूळ लॅटिन, तेही भटकण्याचंच. बोलता बोलता माणूस भलतीकडे गेला की हे क्रियापद लावायचं, पण ते पुस्तकातलं. बोलण्यात कुणी वापरत नाही, असं सर म्हणाले.

शिवी नव्हती, एवढं आप्पांनी मान्य केलं. पण कुणी बोलत नाही तो शब्द ह्यालाच कसा सुचला, हे त्यांना पटेना. काहीतरी झाकतोय, असं त्यांचं म्हणणं.

रविवारी ते मला घेऊन पाचगणीला गेले. "लगीन तुझं हाय, तूबी ऐक," म्हणाले. शाळेजवळच्या चहाच्या टपरीवर तो भेटला. सांगली का सोडली आणि तो शब्द कुठून सुचला, हे दोन्ही प्रश्न आप्पांनी पुढ्यात ठेवले. तो बोलायला गेला आणि ओठ दाताखाली धरून तसाच थांबला. मान ताठली, कपाळावर घाम आला.

"व... व... विषयांतर," शेवटी म्हणाला. "हे म्हणायचं होतं मला. अडकतं. डायव्हगेट सुटतं."

मग त्यानं सगळं सांगितलं. सांगलीत पोरं रोज त्याच्यासारखं अडखळून दाखवायची. इंग्रजीत शिकवताना कमी अडकायचं, म्हणून तो इकडे आला. अडकणारा शब्द समोर दिसला की दुसऱ्या वाटेनं जायचं, ही लहानपणापासूनची सवय. म्हणून उत्तरं लांबायची.

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. संशय गेला की नाही, मला कळेना.

"आमच्या पोरीचं नाव तरी न अडकता येतंय न्हवं?"

"येतं," तो म्हणाला. "चारदा म्हणून बघितलंय."

वैशाखात आमचं लग्न झालं. आई मात्र पुढं कित्येक वर्षं, जावयानं साध्या प्रश्नाला लांबलचक उत्तर दिलं की माझ्याकडे रोखून बघायची.